रिपोर्टही खरा, बाईही खरी

आपल्याकडे बायकांच्या काही दुखण्यांना नावच नसतं. गुडघा धरला तर आपण चारचौघींत सांगतो, कंबर दुखली तर शेजारणीकडून तेलाची बाटली मागून आणतो. पण खाज, आग, दह्याच्या कवडीसारखं पांढरं जाणं यातलं काही सुरू झालं की आपली जीभ आखडते. ‘तसलं काहीतरी होतंय’, ‘खाली त्रास आहे’, ‘मागच्यासारखंच झालंय’, एवढ्यावर भागवायचं. डॉक्टरीणबाईंकडे जायला मुहूर्त सापडत नाही. मेडिकलमधून ‘मागच्या वेळची ती एकच घ्यायची गोळी’ मात्र पाच मिनिटांत घरात येते. दोन दिवस बरं वाटतं, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

मी तालुक्याच्या गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतूंच्या तपासण्यांचं काम बघते. लघवी, थुंकी, पू आणि नळीत बंद केलेली कापसाची काडी, हे माझं रोजचं जग. बाई माझ्यापर्यंत येत नाही, तिचा नमुना येतो. बाई भेटते ती रिपोर्ट न्यायला आल्यावर, खिडकीपाशी, तेही पदर सारखा करत, मागे कुणी उभं नाही ना ते बघत. आणि गेल्या काही वर्षांत त्या खिडकीपाशी मी एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय : ‘ताई, यात तर औषध लागू पडतंय असं लिहिलंय. मग मला गुण का येत नाही?’

या वाक्याच्या मागे घरातली वाक्यंही असतात. सासूबाई म्हणतात, ‘गोळ्या वेळेवर घेत नसशील.’ नवरा म्हणतो, ‘डॉक्टर झाले, लॅब झाली, आता अजून काय करायचं?’ कुणी म्हणतं, पथ्य नाही. कुणी म्हणतं, स्वच्छता नाही. आणि कुणी काहीच न म्हणता नुसतं बघतं, ते तर सगळ्यात वाईट. कागदावर छापून आलंय म्हणजे ते खरं, मग खोटी कोण? अर्थातच बाई!

मैत्रिणींनो, मला आज एवढंच सांगायचंय, की रिपोर्टही खरा असतो आणि बाईही खरी असते. घोळ होतो तो दुसरीकडेच. रिपोर्ट एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि आपण ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर समजून बसतो. तो प्रश्न कोणता, हे समजून घ्यायला विज्ञानाची पदवी लागत नाही. रोज पाणी भरणाऱ्या बाईला ते पटकन कळेल.

आधी ही बुरशी कोण ते पाहू. आपल्याला होणाऱ्या या त्रासामागे बहुतेक वेळा ‘कॅन्डिडा’ नावाची बुरशी असते. ही पावावरच्या हिरव्या-काळ्या बुरशीसारखी नाही. पाव फुगवायला जे यीस्ट घालतात, त्याच्या जातकुळीतली, एकेका पेशीची. माझ्या बशीत ती वाढली की सायीच्या ठिपक्यांसारखी दिसते आणि आंबलेल्या पिठासारखा वास येतो. ती काही बाहेरून चालून आलेली शत्रू नव्हे. कित्येक धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात ती थोडीफार असतेच. तिथले चांगले जंतू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकच्या कोर्सनं ते चांगले जंतू मेले, रक्तातली साखर वाढली, दिवस गेले, स्टेरॉइडची औषधं सुरू झाली, की हिला रान मोकळं मिळतं. दर चार बायकांपैकी साधारण तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. एवढ्या सगळ्या जणी काय अस्वच्छ असतात? की सगळ्याच पथ्य मोडतात? हा काही चारित्र्याचा दाखला नाही, की लाज वाटावी असा रोगही नाही.

आता माझ्या टेबलावर काय होतं ते सांगते. काडीवरचा नमुना आधी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मग तो बुरशी वाढवायच्या खास थरावर लावायचा आणि एक-दोन दिवस उबेत ठेवायचा. ठिपके उगवले की कॅन्डिडाची जात ओळखायची, कारण या एका घराण्यात भावंडं बरीच आहेत. थोरली ‘अल्बिकन्स’ ही नेहमीची. पण ‘ग्लाब्राटा’ असेल तर नेहमीची गोळी अर्धवटच काम करते आणि ‘क्रुसेई’वर तर ती चालतच नाही. सगळ्या भावंडांचं रूप वरून सारखंच, त्रासही सारखाच. नुसतं बघून किंवा खाजेवरून कुणालाही, अगदी निष्णात डॉक्टरलाही, जात सांगता येत नाही.

मग येते औषधाची परीक्षा. प्लॅस्टिकची एक पट्टी घ्यायची, तिला शहाण्णव छोट्या वाट्या असतात. इडलीपात्राचं खेळण्यातलं रूपच म्हणा ना. वाट्यांमध्ये औषध घालायचं, पहिल्या वाटीत सगळ्यात जास्त, पुढच्या प्रत्येक वाटीत आधीच्या निम्मं. मग प्रत्येक वाटीत बुरशीच्या पेशींचं पातळ पाणी सोडायचं आणि चोवीस तास ठेवायचं. सकाळी बघायचं, कुठल्या वाटीपर्यंत बुरशी वाढली आणि कुठल्या वाटीत दबली. ज्या कमीत कमी औषधात ती दबते, तो आकडा ठरलेल्या मर्यादेच्या आत असला की आम्ही ‘लागू’ लिहितो, बाहेर गेला की ‘लागू नाही’. छोट्या लॅबमध्ये औषध लावलेली कागदाची टिकली बुरशीच्या बशीत ठेवून तिच्याभोवती किती मोठं रिकामं कडं पडतं ते मोजतात. पद्धत वेगळी, प्रश्न तोच : पाण्यात सुट्या तरंगणाऱ्या पेशींना हे औषध थांबवतं का?

इथेच थांबा. ‘सुट्या तरंगणाऱ्या’ हे शब्द लक्षात ठेवा.

पिंपातलं पाणी गढूळ असलं की आपण त्यात तुरटी फिरवतो. पाणी निवळतं. पण तेच पिंप रिकामं करून आतून हात फिरवा. बुळबुळीत लागतं की नाही? तो थर कितीही तुरटी फिरवली तरी जात नाही. त्याला काथ्यानं घासावंच लागतं. कॅन्डिडाचंही तसंच आहे. तिला चिकटायला एखादा पृष्ठभाग मिळाला, मग तो प्लॅस्टिकचा असो, धातूचा असो की कवळीच्या गुलाबी मसाल्याचा, की ती आधी चिकटते, मग एकीवर एक चढते, लांब धागे काढते आणि स्वतःभोवती चिकट आवरण विणून घेते. दोन-तीन दिवसांत तिचा पक्का वाडा उभा राहतो, तटबंदीसकट. याला शास्त्रात ‘बायोफिल्म’ म्हणतात.

या वाड्यातल्या बुरशीवर औषधाची परीक्षा घ्यायची तर पद्धत बदलावी लागते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठातल्या ज्युलिया डग्लस आणि त्यांचे सहकारी स्टीफन हॉसर यांनी कॅथेटरच्या नळीच्या चकत्यांवर कॅन्डिडाचा थर वाढवला आणि त्यावर नेहमीची औषधं लावून पाहिली. १९९५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुट्या पेशी दाबायला जेवढं औषध पुरतं, त्याच्या ३० पट ते २००० पट औषध या थराची निम्मी हालचाल थांबवायला लागलं! पुढे २००१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी याच शहाण्णव वाट्यांच्या पट्टीत करता येईल अशी सुटसुटीत पद्धत बसवली. आधी वाटीच्या तळाशी बुरशीला थर धरू द्यायचा, सुट्या पेशी धुऊन टाकायच्या, मग औषध घालायचं. आणखी एका दिवसानं एक रंगद्रव्य टाकायचं. थरात जीव असेल तर ते नारिंगी होतं. जितका गडद रंग, तितका थर जिवंत. त्याच वर्षी क्लीव्हलँडमध्ये ज्योत्स्ना चंद्रा आणि सहकाऱ्यांनी कवळीच्या मसाल्याच्या पट्ट्यांवर हा थर तासातासानं कसा वाढतो ते दाखवलं. थर जसजसा जुना होतो, तसतशी औषधांना दाद देईनाशी होते, हेही त्यातून दिसलं.

म्हणजे बघा, बुरशी तीच, औषध तेच. सुटी असताना विचारलं तर ‘लागू’, वाड्यात असताना विचारलं तर ‘अजिबात नाही’. यातलं एकही उत्तर खोटं नाही.

असं का होतं? एकच कारण नाही. थराभोवतीचं चिकट आवरण औषधाला वाटेतच धरून ठेवतं. आतल्या पेशी औषध बाहेर उपसून टाकतात. काही पेशी तर निपचित पडून राहतात, आणि वाढणाऱ्या पेशीवर घाव घालणारं औषध झोपलेलीला ओळखतच नाही. औषध संपलं की त्या जाग्या होतात. ‘गोळी घेतली की बरं, थांबवली की पुन्हा’ या रडगाण्यातला एक सूर इथला आहे.

यातली मेख अशी, की माझ्यासारख्या गावातल्या लॅबमध्ये सोडाच, मोठ्या शहरातल्या लॅबमध्येही थरावरची ही परीक्षा नेहमीची म्हणून होत नाही. ती संशोधनाच्या प्रयोगशाळांत होते. ‘लागू’ आणि ‘लागू नाही’ यांची सीमारेषा सुट्या पेशींसाठी ठरलेली आहे, थरासाठी ती अजून कुणी ठरवलेली नाही. म्हणून तुमच्या हातातल्या कागदावर ‘लागू’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की ही बुरशी सुटी सापडली तर हे औषध तिला आवरेल. ती कुठे घर करून बसली आहे का, हे त्या कागदाला ठाऊक नसतं. ते शोधायचं काम डॉक्टरांचं, आणि सांगायचं काम आपलं.

आता आपल्या घरात हा वाडा कुठे सापडतो ते बघू.

पहिली जागा म्हणजे आजीची कवळी. टाळू लाल होते, तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा पडतात, तिखट लागत नाही. डॉक्टर तोंडात लावायचं औषध देतात, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. एका आजींना विचारलं, ‘रात्री कवळी काढता का हो?’ तर म्हणाल्या, ‘छे गं बाई, नातवंडं हसतात बोळक्याला.’ रात्रंदिवस तोंडात असलेली कवळी म्हणजे कॅन्डिडाला बिनभाड्याचं घर. औषध टाळूला लावलं, पण घर तसंच ठेवलं, तर ती पुन्हा तिथूनच उतरणार. कवळी रोज ब्रशनं सगळ्या बाजूंनी घासायची, रात्री काढून दंतवैद्यांनी सांगितलेल्या द्रावणात किंवा साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात मात्र टाकायची नाही, तिचा आकार बिघडतो. कवळी फार जुनी, खडबडीत झाली असेल तर दंतवैद्यांना दाखवायची. आणि नातवंडांना सांगायचं, की आजीच्या बोळक्याला हसायचं नाही, त्याचा पापा घ्यायचा.

दुसरी जागा लघवीच्या नळीची. पक्षाघातानं किंवा मोडलेल्या खुब्यानं अंथरुणाला खिळलेली माणसं आता घरोघरी आहेत, आणि त्यांचं सगळं करायला सून किंवा लेक. नळी महिनोन् महिने राहते. लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘यीस्ट’ आलं की घरात घबराट होते आणि औषधाची मागणी सुरू होते. नळीत बुरशी दिसली म्हणजे दर वेळी आजारच असतो असं नाही. पुष्कळदा ती नुसती नळीच्या आतल्या थरात राहत असते. अशा वेळी डॉक्टरांना पहिला प्रश्न औषधाचा विचारू नका. विचारा, ‘ही नळी अजून लागणारच आहे का? काढता येईल का? निदान बदलता येईल का?’ रक्तवाहिनीत घातलेल्या नळीतून बुरशी रक्तात गेली, तर ते प्रकरण जिवावरचं असतं. तिथेही औषधाबरोबरच ती नळी शक्य तितक्या लवकर काढावी, असंच जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. थरालाही आवरणारी काही औषधं आहेत, पण ती इंजेक्शनं आहेत, महाग आहेत आणि रुग्णालयातच द्यायची असतात.

तिसरी जागा तांबीची. तांबी हे चांगलं साधन आहे, उगाच बदनाम करायला नको. लाखो बायका ती बिनत्रास वापरतात. पण तांबी असताना वारंवार बुरशीचा त्रास होत असेल, तर तांबी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. किती वर्षांपूर्वी बसवली, तेही सांगा. तांबीवर आणि तिच्या दोऱ्यावर कॅन्डिडा थर धरू शकते, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. ठेवायची, बदलायची की काढायची, हा निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा. पण बुरशीच्या तक्रारीत तांबीचा विषयच निघाला नाही, असं होऊ नये.

मग ज्या बाईला ना तांबी, ना नळी, ना कवळी, आणि तरी दर दोन-तीन महिन्यांनी हा त्रास होतो, तिचं काय? योनिमार्गाच्या अस्तरावर असाच थर बनतो का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात तो दिसला. २०१९ मध्ये बायकांच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासणाऱ्यांना तो सापडला नाही, उलट बुरशी अस्तरातच शिरलेली दिसली. प्लॅस्टिक आणि धातूबद्दल जितक्या खात्रीनं बोलता येतं, तितकं इथे बोलता येत नाही, आणि कुणी तसं छातीठोक सांगून महागडं काही विकत असेल तर सावध राहा. पण माझा मुद्दा इथेही बदलत नाही. वाटीतली परिस्थिती आणि शरीरातली परिस्थिती एक नसते. अजून एक उदाहरण देते. आमची परीक्षा ज्या द्रावणात होते, ते ना आंबट ना खारट, मधलं असतं. योनिमार्ग मुळात आंबट असतो. आणि ‘ग्लाब्राटा’सारख्या भावंडावर आंबट परिस्थितीत काही औषधांचा जोर कमी पडतो. म्हणजे कागदावरचा आकडा आणि अंगातला अनुभव यांत फरक पडायला बाईनं खोटं बोलायलाच हवं असं नाही.

घाबरवायला हे लिहीत नाहीये हं. पहिल्यांदाच किंवा कधीमधी त्रास होणाऱ्या, औषध पूर्ण घेणाऱ्या दहापैकी आठ-नऊ जणींना साध्या औषधानं बरं वाटतं. त्यांना परीक्षांच्या या भानगडीत पडायची गरज नाही. प्रश्न आहे तो वर्षातून तीन किंवा जास्त वेळा त्रास होणाऱ्यांचा. जगात दर वर्षी अशा सुमारे १३ कोटी ८० लाख बायका असाव्यात, असा अंदाज २०१८ मध्ये संशोधकांनी मांडला. त्यांच्यासाठी एक गोळी पुरत नाही. सहा महिने दर आठवड्याला एक अशी लांबलचक उपाययोजना असते. २००४ मधल्या एका मोठ्या अभ्यासात, अशी गोळी घेतलेल्या दहापैकी नऊ जणी सहा महिने बऱ्या राहिल्या. पण औषध थांबल्यावर, वर्षअखेरीस दहापैकी जेमतेम चार जणी त्रासाविना होत्या. जिला पुन्हा त्रास झाला, तिनं काय गुन्हा केला?

आता थोडं आपल्या बाजूचंही. मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची सवय सोडूया. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, स्वतःच ‘यीस्ट’ ठरवून दुकानातून औषध घेतलेल्या ९५ बायकांची तपासणी केली, तर जेमतेम तिघींमागे एकीला निव्वळ कॅन्डिडाचा त्रास निघाला. बाकीच्यांचं दुखणं निराळं होतं, किंवा त्यात दुसऱ्या जंतूंची भेसळ होती. शिकल्या-सवरलेल्या देशातली ही गत, तर आपण अंदाजानं किती बरोबर येणार? शिवाय ही गोळी वाटते तितकी साधी नाही. दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका असेल तर ती पोटात घ्यायची नाही. गरोदरपणात आतून ठेवायची किंवा लावायची औषधंच सुरक्षित मानतात, तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानं. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर घेतली तर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो. आणि मधुमेहाची एक नवी गोष्ट तर प्रत्येकीनं लक्षात ठेवावी. ‘डापाग्लिफ्लोझिन’, ‘एम्पाग्लिफ्लोझिन’ अशा नावांच्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. गोळ्या चांगल्या आहेत, पण त्या गोड लघवीवर कॅन्डिडा पोसते. गोळी सुरू झाल्यावर खाज सुरू झाली असेल, तर गोळी परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरांना हे जरूर सांगा. लाजेखातर हे न सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात. दोन डॉक्टरांकडची दोन औषधं एकमेकींशी भांडत राहतात आणि त्रास बाईला!

सगळा दोष आपल्यावर घ्यायचं मात्र कारण नाही. चूक व्यवस्थेचीही आहे. २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत म्युकरमायकोसिसनं माणसांचे डोळे जायला लागले, तेव्हा ‘बुरशी’ हा शब्द पहिल्या पानावर आला. ती बुरशी निराळी. पण तोवर आणि त्यानंतरही बुरशीकडे बघायची आपली रीत ‘असते थोडीफार, जाईल’ अशीच आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं माणसाला धोकादायक अशा १९ बुरश्यांची पहिली यादी काढली. त्यातल्या सगळ्यात वरच्या गटात चार नावं आहेत. आपली रोजची ‘अल्बिकन्स’ त्यात आहे, आणि तिची नवी बहीण ‘ऑरिस’ही आहे. ही ‘ऑरिस’ २००९ मध्ये जपानमधल्या एका सत्तर वर्षांच्या बाईच्या कानात पहिल्यांदा ओळखली गेली आणि काही वर्षांतच आपल्या देशातल्या रुग्णालयांतही सापडली. नेहमीच्या गोळीला ती सहसा जुमानत नाही. अशी बुरशी गावात आली तर ती ओळखणार कोण? जिथे कल्चरच होत नाही, तिथे सगळ्याच बुरश्या सारख्या.

‘आमच्या गावात कुठली सोय?’ असं म्हणणाऱ्यांना मी दोन बायकांची गोष्ट सांगते. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन. दोघीही न्यूयॉर्क राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळांत नोकरीला. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी दोन-अडीचशे किलोमीटरवर ऑल्बनी गावात. हेझनबाई ठिकठिकाणची माती गोळा करून, तिच्यातले कुठले जंतू बुरशीला मारतात ते बघायच्या, आणि नमुने बरणीत भरून टपालानं ब्राउनबाईंना पाठवायच्या. ब्राउनबाई त्यातून औषधी भाग वेगळा काढून पुन्हा टपालानं परत. अशा टपालाच्या ये-जा करण्यातून, एका मित्राच्या शेतातल्या मातीतून, १९५० मध्ये ‘निस्टॅटिन’ जगासमोर आलं. माणसाला सुरक्षितपणे देता येईल असं बुरशीवरचं ते पहिलं प्रतिजैविक. न्यूयॉर्क स्टेट या नावावरून त्याचं नाव ठेवलं. आजही तोंडातल्या बुरशीवर ते वापरतात. त्याच्या हक्काचे १ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त पैसे मिळाले. दोघींनी त्यातला एक डॉलर स्वतःला ठेवला नाही, सगळे संशोधनासाठी दिले.

पंचाहत्तर वर्षांपूर्वी बरण्या टपालानं जात होत्या, तर आज आपल्या काड्या का जाऊ नयेत? तालुक्याच्या लॅबमधून रोज संध्याकाळी शहराकडे नमुन्यांचे डबे जातातच. त्यात थायरॉइड जातो, व्हिटॅमिन जातं, मग बुरशीचं कल्चर का जात नाही? कारण कुणी मागत नाही. डॉक्टर लिहीत नाहीत, कारण बाई पुन्हा येत नाही, आणि बाई पुन्हा येत नाही, कारण मागच्या वेळी कुणी तिचं पूर्ण ऐकलंच नाही. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ही सोय असते. जिल्हा रुग्णालयांत ती नेहमीची झाली पाहिजे, निदान वारंवार त्रास होणाऱ्या बायकांसाठी. आणि संशोधकांनीही थरावरची परीक्षा कागदावरून दवाखान्यात कशी येईल, तिची सीमारेषा कशी ठरेल, हे मनावर घ्यायला हवं. वीस-पंचवीस वर्षं पद्धत हाताशी आहे. पुरुषांना दर दोन महिन्यांनी असा त्रास झाला असता, तर ती एवढी वर्षं रखडली असती का, असा एक आगाऊ प्रश्न माझ्या मनात येतो. असो.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करूया. त्रास वर्षातून तिसऱ्यांदा झाला तर औषधाआधी तपासणी मागायची. ‘कुठली कॅन्डिडा आहे ते कळेल का?’ हा प्रश्न विचारायला लाजायचं नाही. काडी घ्यायच्या आधी आठवडाभर परस्पर औषध लावायचं नाही, नाहीतर बशीत काही उगवतच नाही. एकदा साखर तपासायची. आत काय बसवलंय, कुठल्या गोळ्या सुरू आहेत, अँटिबायोटिक कधी झालं, हे कागदावर लिहून न्यायचं. डॉक्टरांसमोर बसलं की निम्मं विसरायला होतं. आत लसूण, दही, डेटॉल असलं काही घालायचं नाही. त्यानं अस्तर सोलवटतं, बुरशी हलत नाही.

आणि घरातल्या मोठ्या बायकांना एक हात जोडून विनंती. सून, लेक, भावजय रिपोर्ट हातात घेऊन ‘तरी गुण येत नाही’ म्हणाली, तर ‘तूच नीट घेत नसशील’ हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळा. त्याऐवजी म्हणा, ‘चल, मी येते तुझ्याबरोबर.’ तालुक्याच्या दवाखान्याच्या त्या बाकड्यावर एकटीनं बसणं आणि सासूबाई शेजारी असताना बसणं, यात किती फरक असतो, ते मी खिडकीतून रोज बघते.